मोजणी, राखण आणि आपण

(बी. कॉम. भाग दोनमधील एका विद्यार्थ्याकडून)

गेल्या डिसेंबरात आजीला महाकाळेश्वराचे दर्शन घडवावे म्हणून आम्ही बेळगावहून उज्जैनला गेलो होतो. दर्शन आटोपून क्षिप्रेच्या रामघाटावर आलो. सिंहस्थाच्या स्नानाचा हा मुख्य घाट. २०१६ साली येथे लाखो लोकांनी स्नान केले, आणि पुढचा सिंहस्थ २०२८ चा. उज्जैन एके काळी शिंद्यांची राजधानी, त्यामुळे आजीला तेथे परकेपणा वाटला नाही. ती घाटावरील देवळे पाहण्यात रमली. माझे लक्ष मात्र एका प्राथमिक शाळेच्या सहलीने वेधून घेतले.

बाईंनी वरच्या पायरीवर मुले मोजली. ३८ भरली. निम्म्यावर येऊन पुन्हा मोजली. ३८ च. पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या, म्हणून मुलांना चार पायऱ्या वरच बसविले. परत निघताना तिसरी मोजणी झाली, आणि भरली ३७! बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तोच एक मुलगी ओरडली, "मेरा जोडीदार नहीं है!" फुलांच्या द्रोणांच्या टोपलीमागे एक चिमुरडा दिवे बघत उभा होता. तो सापडला. सारा प्रकार दोन मिनिटांचा.

नंतर मी बाईंशी बोललो. प्रत्येक मुलाला त्यांनी एक जोडीदार नेमून दिला होता. त्या म्हणाल्या, "मी माणूस आहे, माझी मोजणी चुकू शकते. म्हणून मुलांनाही एकमेकांकडे बघायला शिकवलं आहे."

विद्यार्थिमित्रहो, आपण वाणिज्य शाखेत 'ऑडिटिंग' शिकतो. त्यातील 'इंटर्नल चेक' हे प्रकरण बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. ज्याच्या हाती रोकड, त्याच्या हाती कीर्द नसावी. एकाचे काम दुसऱ्याच्या कामातून आपोआप तपासले जावे, एवढेच त्याचे सार. याचा अर्थ रोखपाल चोर आहे असा नव्हे. प्रामाणिक माणसाचीही चूक होते आणि अप्रामाणिकाला संधी मिळू नये, यासाठी ही व्यवस्था. शंभर रुपयांच्या व्हाउचरवर दोन सह्या मागणारे आपण, सहा वर्षांचे मूल शाळेच्या दारात सोडताना काय तपासतो? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी तपासल्या पाहिजेत.

१) संख्या : १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. घाईगर्दीच्या वेळी काठावर उभे राहून नावाड्याला "नाही" म्हणणे सोपे नसते. म्हणून किती मुलांमागे किती शिक्षक, पाण्यापासून किती अंतरावर थांबायचे, हे सहल निघण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. मग शिक्षकाला वाद घालावा लागत नाही, कागद दाखविला की काम भागते.

२) जागा : १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागली व ९४ मुले दगावली. पुढे २००९ साली अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. जिना मोकळा आहे काय, दुसरे दार उघडते काय, हे पाहायला इंजिनिअर लागत नाही.

३) माणूस : हा मुद्दा लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे शिशुवर्गातील दोन मुलींवर शाळेतच लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी शाळेतील सफाई कर्मचारी होता. गुन्हा नोंदविण्यास विलंब झाला, तेव्हा २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन प्रकरण हाती घेतले आणि घटना न कळविणाऱ्या शाळेवर गुन्हा नोंदविला काय, असा प्रश्न विचारला. यानंतर शाळाशाळांतून कॅमेऱ्यांची चर्चा सुरू झाली. कॅमेरे जरूर हवेत; पण स्वच्छतागृहात कॅमेरा बसविता येत नाही. तेथे लहान मुलांबरोबर कोण जाते आणि ते दुसऱ्या कोणाच्या नजरेत असते काय, हे ठरविणे म्हणजेच 'इंटर्नल चेक'. कोणीही मोठा माणूस बंद दाराआड एकट्या मुलाबरोबर असू नये. हा नियम शिपायाला तसाच मुख्याध्यापकालाही लागू असावा, म्हणजे त्यात कोणाचा अपमान उरत नाही.

४) सांगण्याची वाट : २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सद्भावनेने कळविणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. न कळविल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, असेही हा कायदा सांगतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तर तोंडपाठच असावा. "संस्थेचे नाव खराब होईल" ही सबब कायद्यात कोठेही नाही.

पण मुळात मूल सांगेल तेव्हा ना! उज्जैनहून परतल्यावर दुसरीत शिकणाऱ्या माझ्या चुलत बहिणीला मी सहज विचारले, "शाळेत कुणी त्रास दिला तर कुणाला सांगशील?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कुणालाच नाही दादा. बाई ओरडतात." "आणि घरी?" "घरी म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील."

हे दुसरे वाक्य माझेच होते. चार दिवसांपूर्वी तिची पाटी फुटली तेव्हा मीच ते बोललो होतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांना बंदी केली आहे. त्या बंदीचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. पाटी फुटल्याचे सांगायला जे मूल भिते, ते याहून मोठी गोष्ट कशी सांगणार? मी तिची क्षमा मागितली. आता रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ दहा मिनिटे बसतो. अभ्यासाचे विचारत नाही. ती बोलते, मी ऐकतो.

आपण दोन भाषांचे लोक. आमच्या शेजारच्या अज्जी नातवाला शाळेत धाडताना रोज कन्नडमधून 'जोपान' म्हणून बजावतात, म्हणजे सांभाळून. आपल्या मराठीत 'जोपासणे' आहे. शब्द इतके जवळचे, तर काम वेगळे कसे असेल? आपल्यापैकी अनेकजण धाकट्या भावंडांना शाळेत पोहोचवितात, काहीजण पुढे शिक्षक होतील, आणि आपले काही गुरुजन शाळांच्या समित्यांवर आहेत. येत्या आठवड्यात आपल्या गल्लीतील शाळेत जाऊन हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत : मुले कोण मोजते? दुसरे दार उघडते का? मुलांबरोबर एकटे कोण असते? आणि मुलाने सांगितले तर ऐकणार कोण?

ताळेबंदातील चूक पुढल्या वर्षी दुरुस्त करता येते. रामघाटावरील त्या बाईंना ठाऊक होते की, ३७ आणि ३८ मधला फरक दुरुस्त करायला पुढले वर्ष नसते.