साष्टी बेट : नद्या आणि प्रदेश

बेट म्हटले की समुद्रात दूरवर एकाकी उभा असलेला भूभाग आपल्या नागपूरकर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. परंतु नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी कळवा सोडून ठाण्याची खाडी ओलांडते, तेव्हा आपण एका बेटावरच प्रवेश करीत असतो. त्याचे नाव साष्टी. सहासष्ट गावांवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

या बेटाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, ईशान्येस उल्हास नदी आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. दक्षिणेला माहीमची खाडी मूळ मुंबईपासून त्यास वेगळे करीत असे. भराव व पूल यांमुळे हे वेगळेपण आता सहज ध्यानात येत नाही.

बेटाचे तीन भाग मानता येतील : मध्यभागी बेसॉल्टच्या खडकाळ, वनाच्छादित टेकड्या, पश्चिमेस खाड्यांनी कातरलेली किनारपट्टी, आणि पूर्वेस ठाणे खाडीलगतचा सखल, खारफुटीचा पट्टा.

मधल्या डोंगराळ भागातच येथील नद्यांचा उगम आहे. तुळशी तलावाकडून निघणारी दहिसर नदी सुमारे 12 किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. पोईसर आणि ओशिवरा पश्चिमेच्या खाड्यांकडे जातात. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी सुरू होते आणि सुमारे 18 किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीत विसर्जित होते. विहार तलाव 1860 मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पूर्ण झाला.

याच टेकड्यांत कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. पाऊस चार महिन्यांचा, वास्तव्य मात्र बारमाही. म्हणून भिक्खूसंघासाठी कातळावर पाट कोरून पावसाचे पाणी टाक्यांत उतरविण्यात आले. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापारी, गृहस्थ आणि भिक्खुणी यांच्या दानांची नोंद तेथे आढळते. पाण्याचे टाके हेही दान मानले जाई आणि ते देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाई, ही गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते.

त्याच बेटावर पुढे पाण्याचा विसर पडला. मिठीच्या पात्रात भराव पडले, वस्ती वाढली, सांडपाणी व कारखान्यांचा मळ नदीत आला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. वरून पूर आणि समुद्रातून भरती, अशा कोंडीत सापडलेल्या नदीचे पाणी घराघरांत शिरले. अनेकांना तर येथे नदी आहे, हे त्या दिवशीच कळले.

ही कथा केवळ मुंबईची नव्हे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ज्या नदीच्या नावाशी आपल्या शहराचे नाव जोडलेले आहे, तिला आपण ‘नाला’ म्हणू लागलो होतो. मिठी आणि नाग या दोघींचे दुःख एकच आहे.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे : मुलांना कान्हेरीला अवश्य न्यावे आणि लेण्यांबरोबर तेथील टाकीही दाखवावीत. परंतु त्याआधी एखाद्या रविवारी नाग नदीच्या काठाने त्यांच्यासोबत चालावे. नदी कोठून येते, कोठे जाते आणि तिच्यात काय मिसळते, हे त्यांना स्वतःच्या वहीत लिहू द्यावे. भूगोलाचा पहिला पाठ तोच आहे.