सेवा व्यापार : माणसांसाठी दार किती उघडे?

जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापार करार, म्हणजे ‘गॅट्स’, १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. त्यात सेवेचे चार मार्ग आहेत : सेवा सीमेपार पाठवणे, ग्राहकाने परदेशी जाणे, परदेशात शाखा उघडणे आणि माणूस तात्पुरता पाठवणे. श्रीमंत देशांचे बळ तिसऱ्या मार्गात, भारताचे चौथ्यात. भारताने दोहा फेरीत (२००१) हा मार्ग रुंद करण्याची मागणी लावून धरली. पण ती फेरी तडीस गेली नाही.

एक भेद ध्यानात ठेवावा. आखातात तेथील मालकाकडे नोकरीस जाणारा कामगार या करारात येत नाही. सेवेचे कंत्राट घेऊन ठराविक मुदतीसाठी जाणारा अभियंता येतो. तोही त्या देशाने आपल्या यादीत तसे वचन दिले असेल तरच. म्हणून आधी यादी पाहावी, मग बेत आखावा.