मृगाच्या आतला घरखर्च

येलदरीसारख्या गावात घर चालवणं अंगावर येतं ते जून-जुलैत. बी-बियाणं, खत, पेरणीची मजुरी, पोरांच्या वह्या सगळं एकदम उभं राहतं. नेमका त्याच वेळी पत्रा गळतो आणि ज्वारीची कोठी तळाला जाते. मग मिस्त्री मागेल ती मजुरी, दुकानदार सांगेल तो भाव, तोही उधारीवर. यातलं जे टळत नाही ते फेब्रुवारी ते मेदरम्यान उरकावं. हातात माल विकल्याचा पैसा असतो आणि मिस्त्रीही सवडीने काम करतो.

आधी धान्याचा हिशेब. पाच माणसांना दिवसाला दीड किलो धान्य धरा, म्हणजे महिन्याला 45 किलो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे 25 किलो, जानेवारी 2023 पासून मोफत आहे. उरले 20 किलो. वर्षाचे 240, म्हणजे पन्नास किलोचे पाच कट्टे. अंत्योदय कार्डावर 35 किलो मिळतं, तिथे महिन्याला दहा किलोच विकत घ्यावं लागेल. रब्बीची ज्वारी नुकतीच निघालेली असताना हे कट्टे घ्या; ‘परभणी मोती’ वाणाची मिळाली तर उत्तमच. महिन्या-महिन्याला किरकोळीत घेताना किलोमागे 8 रुपये जास्त गेले, तर वर्षाला 1,920 रुपयांचा फरक पडतो. मात्र त्यासाठी महिना शेकडा तीनने पैसे उचलू नका. सहा महिन्यांचं व्याज शेकडा 18 होतं, त्यात बचत बुडते. त्यापेक्षा दोनच कट्टे भरा.

भरलेलं धान्य सोंड्याने खाल्लं तर स्वस्ताई कसली? ज्वारीला कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे. उन्हातून उचललेली ज्वारी लगेच कोठीत ओतू नका. कोंडलेल्या उष्णतेने आत घाम धरतो आणि बुरशी येते. पूर्ण गार होऊ द्या, मग वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह भरा. घरची तूर असेल तर ती सगळी विकून पुन्हा डाळ विकत आणण्यात शहाणपण नाही. लागेल तेवढी भरडून घ्या, चुनी म्हशीला होते.

पावसाळ्यात भाजी कडाडते, तेव्हा येसर कामी येतो. धान्यं, डाळी भाजून मसाल्यासह दळलेली ही पूड उन्हाळ्यातच करून ठेवा. मूठभर येसरात घराला पुरेल एवढी आमटी होते. आठवड्यात एक दिवस येसर, एक दिवस पिठलं, दोन दिवस मटकी-हरभऱ्याची उसळ आणि अधूनमधून सांडगे असं ठरवलं, तर विकतची भाजी तीनच दिवस लागते. बेत बाजारच्या आदल्या रात्री ठरवावा. बाजारात उभं राहून ठरवलेला बेत नेहमी महाग पडतो. मटणाचा भाव परवडत नसेल तेव्हा येलदरी धरणाच्या जलाशयातली ताजी मासळी आहेच.

आता छप्पर. पत्र्याची गळती बहुतेक वेळा हुकाच्या भोकातून असते आणि लोक पत्राच बदलतात. आधी जुने, कडक झालेले वायसर बदलून वर डांबर लावून बघा. माळवद असेल तर पन्हाळ मोकळी करून पांढऱ्या मातीचा थर मृगाच्या आत पडलाच पाहिजे. स्लॅबवर मार्चमध्ये भिजवलेला चुना मारा. काहीशे रुपयांत काम होतं आणि खालची खोली बरीच निवते. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मारावा लागतो.

वीजबिलाचं खापर मात्र सगळे उगाच दिव्यांवर फोडतात. खरा खाणारा जुना पंखा. 75 वॅटचा पंखा रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. नवा 30 वॅटचा बीएलडीसी पंखा 11 युनिटच्या आत. सोळा युनिट वाचतात. शंभराच्या पुढच्या युनिटला दर जवळजवळ दुप्पट असतो आणि वापर तिथे जात असेल तर बचत वरच्याच दरातून होते. युनिट दहा रुपये धरलं तर महिन्याला 160 रुपये. साध्या पंख्यापेक्षा 1,200 रुपये जास्त मोजले, तरी आठ महिन्यांत ते वसूल होतात. चांगला चालणारा पंखा मुद्दाम बदलू नका. जळाला की रिवायंडिंगऐवजी नव्याचा विचार करा, आणि पहिला नवा पंखा रात्रभर फिरतो त्या खोलीत लावा.