जुनाट खोकला आणि वर्षभर घ्यावयाची गोळी

जंतुनाशक औषधें, म्हणजे ज्यांस आतां खेडोपाडीं अँटिबायोटिक म्हणतात तीं, कारणावांचून घेऊं नयेत. डॉक्टरांनीं पांच दिवस सांगितलीं तर पांच दिवस घ्यावीं आणि मग थांबावें, हें आमच्या वाचकांनीं पुष्कळदां ऐकलें आहे. अशा वेळीं एखादा जुन्या खोकल्याचा रोगी तालुक्याच्या गांवीं जाऊन येतो, आणि त्याच्या चिठ्ठीवर त्याच जातीची गोळी लिहिलेली असते: आठवड्यांतून तीन दिवस एकेक, आणि अवधि एक वर्ष! त्यास ताप नाहीं, तो शेतावर जातो, भाकरी खातो. मग ही गोळी कशासाठीं? घरचीं माणसें म्हणतात कीं, डॉक्टर चुकले, किंवा त्यांनीं औषधवाल्याचें भलें केलें. हे दोन्ही तर्क बहुधा खोटे असतात. ती शिकवणही खरी आहे व ही चिठ्ठीही योग्य असूं शकते. तें कसें, याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. निरोगी फुप्फुसांत श्वासनळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणें पसरलेल्या असून शेंड्याकडे निमुळत्या होत जातात. त्यांच्या आंतल्या अंगास डोळ्यांस न दिसणारी बारीक लव असते. ती सारखी हलत राहून धूळ, कफ व जंतु यांस वर घशाकडे लोटीत असते. लहानपणचा गोवर, डांग्या खोकला, न्युमोनिया किंवा मोठेपणीं झालेला क्षय अशा एखाद्या भारी दुखण्यानें ह्या नळ्यांच्या भिंती जखमी झाल्या, म्हणजे त्या ढिल्या पडून रुंदावतात, लव नाहींशी होते, आणि कफ जागच्या जागीं सांचतो. ज्यांनीं पाटाचें पाणी वळविलें आहे त्यांस हें चटकन समजेल. पाटाची कड एके ठिकाणीं खचली कीं तेथें पाणी रेंगाळतें, गाळ बसतो, शेवाळ धरतें. आणि गाळ बसला म्हणून कड आणखी खचते. ह्या विकारास डॉक्टर ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. पॅरिसचे लेनेक नांवाचे डॉक्टर, ज्यांनीं १८१६ सालीं छाती ऐकण्याची नळी शोधून काढली, त्यांनींच १८१९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांव मोठें असलें तरी रोगी ओळखीचा आहे. रोज सकाळीं वाटीभर पिवळा कफ टाकणारा, वर्षांतून तीन-चार वेळां तापानें अंथरूण धरणारा, कधीं कधीं बेडक्यांतून रक्त पडणारा मनुष्य बहुतेक गांवांत असतो.

आपल्या देशांत ह्या रोगाचें सर्वांत मोठें कारण जुना क्षय हेंच आहे. भारतांतील २,१९५ रोग्यांची एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा सुमारें ३५ जणांचा विकार मागें होऊन गेलेल्या क्षयामुळें जडला होता असें दिसून आलें. म्हणजे क्षय बरा झाला, पण त्यानें केलेली मोडतोड मागें राहिली. गांव मात्र हा भेद करीत नाहीं. खोकला ऐकला कीं लोक सरकून बसतात, ताट-तांब्या निराळा ठेवतात, मुलीचें लग्न अडतें. थुंकींत क्षयाचे जंतु नाहींत असें तपासणीनें ठरलें, तर त्या माणसापासून क्षय लागण्याचें भय नाहीं, आणि ही गोष्ट गांवांत सांगण्याचें काम आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंनीं अवश्य करावें. तथापि ज्यास एकदां क्षय झाला त्यास पुन्हां होऊं शकतो, म्हणून खोकल्याची रीत बदलली, वजन घटूं लागलें किंवा रात्रीं घाम येऊं लागला, तर थुंकी पुन्हां तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी फुकट होते.

आतां गोळीकडे वळूं. सांचलेल्या कफांत जंतु वाढतात. त्यांस मारण्यासाठीं शरीर आपलें सैन्य पाठवितें. पण हें सैन्य जंतूंबरोबर नळीची भिंतही पोखरतें. भिंत पोखरली म्हणजे कफ अधिक सांचतो, आणि जंतु पुन्हां वाढतात. पीटर कोल ह्या इंग्रज डॉक्टरांनीं १९८६ सालीं ह्यास दुष्टचक्र असें म्हटलें, आणि तेव्हांपासून ह्या रोगाचा विचार बहुतकरून ह्याच रीतीनें होत आला आहे. रोग उसळला म्हणजे दहा-चौदा दिवस औषध देऊन तो दाबतां येतो. परंतु प्रत्येक उसळीबरोबर फुप्फुसाचा थोडा भाग कायमचा खर्ची पडतो. तेव्हां उसळी येण्यापूर्वींच चक्राची गति मंद करतां येईल काय, असा प्रश्न निघाला. हा प्रश्न अगदीं नवा नव्हे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १९५७ सालींच आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यांत आठवड्यांतून दोन दिवस याप्रमाणें वर्षभर औषध देऊन पाहिलें होतें.

खरा आश्चर्याचा भाग जपानांत घडला. तेथें बारीक श्वासनळ्यांचा एक भयंकर विकार आढळतो. १९७० ते १९७९ ह्या काळांत त्या विकाराच्या रोग्यांपैकीं पांच वर्षें जगणारे शेंकडा ६३ च होते. पुढें टोकियोचे डॉक्टर शोजी कुदो यांच्याकडे एक रोगी आला, आणि त्याची प्रकृति अपेक्षेपेक्षां फारच सुधारलेली दिसली. चौकशी करतां असें कळलें कीं, मात्सुमोतो गांवच्या एका डॉक्टरांनीं त्यास दोन वर्षांहून अधिक काळ एरिथ्रोमायसिन हें औषध लहान मात्रेनें चालू ठेवलें होतें. कुदो यांनीं हें सोडून दिलें नाहीं. त्यांनीं इतर रोग्यांस तेंच देऊन पाहिलें, आणि १९८५ नंतरच्या रोग्यांत पांच वर्षें जगणारांचें प्रमाण शेंकडा ९१ वर गेलें. गंमत अशी कीं, ह्या रोग्यांच्या कफांत स्यूडोमोनास नांवाचे जे चिवट जंतु असतात ते एवढ्याशा एरिथ्रोमायसिननें मरत नाहींत. तरी रोगी सुधारले. यावरून असें अनुमान निघालें कीं, ह्या जातीचीं औषधें जंतूंस मारण्याखेरीज दुसरेंही काम करतात: तीं शरीराच्या सैन्याचा आततायीपणा आवरतात व कफ कमी करतात. एरिथ्रोमायसिन मूळ फिलिपाइन्स बेटांतील मातींत सांपडलें. त्याचेंच भावंड अ‍ॅझिथ्रोमायसिन, जें आज बहुधा दिलें जातें, तें १९८० सालीं झाग्रेब शहरांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें.

एकट्या-दुकट्याच्या अनुभवावर औषध सर्वांस देणें बरें नव्हे, म्हणून पारख करण्याची एक रीत आहे. रोग्यांचे दोन गट करतात. एकास खरी गोळी व दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात, आणि कोणास कोणती मिळाली हें रोग्यास किंवा डॉक्टरांस शेवटपर्यंत सांगत नाहींत. न्यूझीलंडांत १४१ ब्राँकिएक्टॅसिसच्या रोग्यांवर अशी पारख होऊन तिचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत पोकळ गोळी घेणारांस दर माणशीं सरासरी १.५७ वेळां उसळी आली, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणारांस ०.५९ वेळां. पुढल्याच वर्षीं हॉलंडमधील ८३ रोग्यांचा निकाल आला. वर्षभरांत पोकळ गोळीच्या गटांत शेंकडा ८० जणांस निदान एक उसळी आली, औषधाच्या गटांत शेंकडा ४६-४७ जणांस. ऑस्ट्रेलियांतील आदिवासी आणि न्यूझीलंडांतील माओरी व इतर बेटवासी लोकांच्या ८९ मुलांवर हेंच औषध आठवड्यांतून एकदां याप्रमाणें दोन वर्षांपर्यंत देऊन अशीच पारख करण्यांत आली. औषध घेणारांच्या उसळ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. हीं मुलें बहुतेक दूरच्या, गरीब वस्त्यांतलीं होतीं, म्हणून ह्या निकालाचें आम्हांस विशेष वाटतें.

इतका फायदा आहे, तर मग प्रत्येक खोकणारास ही गोळी कां देऊं नये? कारण तिची किंमत मोजावी लागते, आणि ती एकटा रोगीच मोजतो असें नाहीं. हॉलंडच्या त्याच पारखींत औषध घेणारांच्या शरीरांतून निघालेल्या जंतूंपैकीं शेंकडा ८८ त्या औषधास दाद देईनासे झाले. पोकळ गोळी घेणारांत हें प्रमाण शेंकडा २६ होतें. मुलांतही तसेंच आढळलें. असे जंतु घरांत, शाळेंत, शेजारीं पसरतात, आणि उद्यां दुसऱ्या कोणाच्या न्युमोनियास तें औषध निरुपयोगी ठरतें. पेनिसिलिन शोधून काढणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांनाच बजावलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट निर्ढावतात. म्हणून हा व्यवहार थोड्याच लोकांसाठीं आहे: ज्यांस वर्षांतून तीन किंवा अधिक वेळां उसळी येते, आणि बाकीचे उपाय करूनही ती थांबत नाहीं, त्यांच्यासाठीं.

ते बाकीचे उपाय कोणते? मुख्य म्हणजे कफ रोज बाहेर काढणें. गोळीच्या मागें लागून लोक हें विसरतात, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी हयगय येथेंच होते. पाटांतला गाळ उपसल्यावांचून वरून कांहींही टाकलें तरी पाणी वाहणार नाहीं. सकाळ-संध्याकाळ स्वस्थ बसून पोटापर्यंत तीन-चार दीर्घ श्वास घ्यावे, श्वास क्षणभर धरावा, मग तोंड उघडून आरशावर वाफ सोडतों तसा जोरानें 'हा' करून सोडावा, आणि कफ वर आला म्हणजे खोकून टाकावा. कफ फुप्फुसाच्या कोणत्या भागांत आहे हें पाहून कोणत्या कुशीवर निजावें तें डॉक्टर किंवा व्यायाम शिकविणारे दाखवितात; तें एकदां नीट शिकून यावें. विडी सोडावी. चुलीचा धूर निघून जाण्यास वाट करावी. ज्या बायकांचा जन्म चुलीपुढें जातो त्यांच्या खोकल्याकडे कोणी पाहत नाहीं, हें आम्हांस नमूद केलेंच पाहिजे. फ्ल्यू व न्युमोनिया यांच्या लसींविषयीं डॉक्टरांस विचारावें.

विडी व धूर यांनीं होणारा दुसरा जुनाट विकार, ज्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात, त्यांतही ह्या गोळीची पारख झाली आहे. अमेरिकेंत १,१४२ रोग्यांवर वर्षभर अशी पारख होऊन २०११ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. दर माणशीं वर्षास पोकळ गोळीच्या गटांत १.८३ वेळां उसळी आली, तर औषधाच्या गटांत १.४८ वेळां. फायदा खरा, पण ब्राँकिएक्टॅसिसइतका मोठा नव्हे. आणि जे अजून ओढीतच होते त्यांस तो जवळजवळ झालाच नाहीं. शिवाय औषध घेणारांत शेंकडा २५ जणांचें ऐकणें कमी झालें, पोकळ गोळी घेणारांत शेंकडा २०.

यास्तव गोळी सुरू करण्यापूर्वीं डॉक्टर कांहीं गोष्टी पाहतात, आणि त्यांनीं त्या पाहिल्या नाहींत तर रोग्यानें नम्रपणें विचाराव्या. हृदयाचा आलेख काढतात, कारण हें औषध कांहींजणांच्या हृदयाचे ठोके बिघडवितें; हृदयासाठीं किंवा हिवतापासाठीं दुसरें औषध चालू असेल तर तें आधीं सांगावें. यकृताची रक्ततपासणी करतात. ऐकूं कमी येतें काय तें विचारतात. आणि थुंकी तपासतात, क्षयासाठीं व क्षयजंतूंचे जे दुसरे भाऊबंद फुप्फुसांत घर करतात त्यांच्यासाठींही. हे भाऊबंद असतांना एकटें अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलें तर ते त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि पुढें त्यांवरील मुख्य शस्त्रच हातचें जातें. दुकानांतून न विचारतां घेतलेल्या गोळ्यांचा धोका याहूनही जवळचा आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या क्षयाच्या जंतूंस अर्धवट दाबतात. रोग्यास चार दिवस बरें वाटतें, तपासणी लांबते, आणि क्षय आंतून वाढत राहून घरांतल्या मुलांपर्यंत पोंचतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम थुंकीची तपासणी, नंतर गोळी, हाच क्रम ठेवावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये अशा अँटिबायोटिकच्या पाकिटावर एक उभी तांबडी रेघ छापण्याची चाल सरकारनें २०१६ सालापासून लोकांस ओळखावयास सांगितली आहे. ज्यांस अक्षरें वाचतां येत नाहींत त्यांसही रेघ दिसते.

गोळी मिळाली म्हणजे ती ज्याच्या नांवानें लिहिली त्यानेंच घ्यावी. वर्षभराचें औषध घरांत असलें कीं तें पडशानें खोकणाऱ्या नातवास देण्याचा मोह होतो, आणि आजीबाई तें मायेनेंच देतात. तरी देऊं नये. वार ठरवून घ्यावे, जसें सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे विसर पडत नाहीं. जुलाब लागले तर कळवावें. कानांत आवाज येऊं लागला, ऐकूं कमी आलें किंवा छातींत धडधड होऊन भोंवळ आली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गांठावा. मधेंच उसळी आली तर ह्या गोळ्या दुप्पट करूं नयेत; त्या वेळचें औषध निराळें असतें.

सहा महिन्यांनीं व वर्षानें डॉक्टर हिशेब घेतात. उसळ्या कमी झाल्या असतील तर पुढें चालवावें कीं थांबवून पाहावें हें ठरवितात. कमी झाल्या नसतील तर गोळी बंद करतात. हा हिशेब आठवणीवर होत नाहीं, कारण मागच्या पावसाळ्यांत किती वेळां निजून होतों हें कोणासच नीट सांगतां येत नाहीं. म्हणून एक वही करावी. घरांत कोणास लिहितां येत नसेल, तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे हें काम द्यावें. आजारी पडल्याची तारीख, कफाचा रंग, ताप होता कीं नाहीं, आणि त्या आठवड्यांत तिन्ही गोळ्या घेतल्या होत्या कीं नाहीं, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे.