मेंढरांची वाट

दिवाळी सरत आली की शिरूर, पारनेर या पठारी भागातील धनगर आपल्या वाड्याची बांधाबांध करू लागतात. येथे वाडा म्हणजे दगडामातीची वास्तू नव्हे. बरोबर चालणारी काही बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री आणि कोंबड्या या सर्वांस मिळून वाडा म्हणतात. घराला पाय फुटावेत आणि ते कित्येक महिने चालतच राहावे, तसा हा प्रकार आहे.

हा प्रवास हौसेचा नाही. पठारावर वर्षाकाठी 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर उगवलेले गवत कार्तिक-मार्गशीर्षात सरते. सह्याद्रीपलीकडे कोकणात याच्या चौपट-पाचपट पाऊस. तेथे भाताची कापणी झाली की खाचरे रिकामी होतात व मेंढरांस चारा मिळतो. म्हणून पुष्कळसे वाडे मावळाकडे व कोकणाकडे वळतात. परंतु तेथे मुक्काम लांबवून चालत नाही. दख्खनी मेंढी कोरड्या हवेत वाढलेली; मृगाच्या सरी लागल्या की तिची लोकर भिजते, खूर कुजू लागतात आणि कळपच्या कळप आजारी पडतो. निघण्याची वेळ गवत ठरवते, परतण्याची वेळ पाऊस ठरवतो. मधली वाट मात्र माणसांनी ठरवायची असते.

ती ठरविताना कागदावरचा नकाशा सहसा कोणी उघडत नाही. कोणत्या ओढ्याला पौषापर्यंत पाणी टिकते, कोणत्या गावी गेल्या वर्षी तंटा झाला, कोणत्या शेतकऱ्याने ‘पुन्हा या’ म्हणून सांगितले, हे सारे जाणत्या धनगराच्या डोक्यात असते. शेतकऱ्याचे बोलावणे फार महत्त्वाचे. रात्री मेंढरे शेतात बसविली म्हणजे लेंड्या व मूत यांचे उत्तम खत जमिनीस मिळते. त्याच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. यामुळे वाड्याची वाट सरळ कधीच नसते. बोलावणे येईल तिकडे ती वळते. कागदावर तिची रेघ ओढली तर ती एखाद्या भ्रमिष्टाने ओढली आहे असे वाटेल. सारा मार्ग घरी बसून ठरवून निघणारा धनगर शहाणा समजला जात नाही. रोज सायंकाळी वडीलधारी माणसे पुढच्या दोन-तीन मजलांचाच विचार करतात आणि एक जण रान पाहण्यास पुढे जातो.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा या गावाजवळ आलेल्या वाड्यापुढे कोणता पेच उभा राहतो ते पाहावे. पुण्यापासून हे गाव सुमारे 30 किलोमीटरवर, भीमेच्या काठी आहे. नदीवर पूल आहे. पण त्यावरून मालमोटारींची रांग अहोरात्र धावत असते. पूल ओलांडून नीट पुढे गेले तर वाघोलीपासून शहरच सुरू होते. तेथे चारा नाही आणि मेंढरे बसवायला रानही नाही. लोणीकंदहून उजवीकडे वळले तर तुळापूर, आळंदीकडे जाता येते. परंतु त्यापुढे चाकण-तळेगावचे कारखाने आडवे येतात. पूल टाळून वढू बुद्रुककडे नदीच्या काठाने जावे, तर दुतर्फा ऊस उभा. चार मेंढरे उसात शिरली तर दिवसभराची कमाई भरपाईत जाते. शिवाय मावळात जायचे तर भीमा कोठे तरी ओलांडावीच लागते.

अशा वेळी शेवटचा शब्द पुष्कळदा गाभण मेंढ्यांचा असतो. मेंढी सुमारे पाच महिन्यांनी विते. कोणत्या मेंढ्या केव्हा विणार याचा हिशेब बायकांपाशी पक्का असतो, कारण नवजात कोकरे सांभाळण्याचे काम त्यांचे. घोड्यावर पाल, वाकळा व भांडी लादून त्या पुढच्या तळावर आधी जातात आणि चालता न येणारी कोकरे त्याच ओझ्यावर बसून येतात. घोड्यावर जागा मोजकी. एकाच रात्री वीस मेंढ्या व्यायल्या तर दुसऱ्या दिवशीची मजल निम्मी करावी लागते, मग पुढे पाणी असो वा नसो.

पूर्वी हे पेच इतके कठीण नव्हते. चासकमान धरणाचा कालवा शिरूर भागात आला आणि पडीक राहणाऱ्या जमिनी बारमाही पिकू लागल्या. शेतकऱ्यांचे भले झाले. धनगरांची राने मात्र आटली. सणसवाडी, रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले. गतवर्षीच्या तळावर यंदा तारेचे कुंपण दिसते. स्पेन देशात मेंढरांच्या जुन्या वाटांना शेकडो वर्षांपासून कायद्याचे संरक्षण आहे. त्यांतील मोठ्या वाटा सुमारे 75 मीटर रुंद असत, आणि 1995 साली तेथे त्यांच्या रक्षणासाठी नवा कायदाही झाला. आपल्याकडील धनगरांची वाट कोणत्याही दप्तरात अशी आखून दिलेली नाही. ती दर वर्षी नव्याने मागून घ्यावी लागते.

पूल ओलांडण्याचे ठरले तर पहाटेचा प्रहर त्यातल्या त्यात बरा. तांबडे फुटण्यापूर्वीच वाघरी सोडतात. एक जण कंदील किंवा विजेरी घेऊन पुढे, एक मागे, कुत्री दोन्ही अंगांना. मधून मेंढरे एकमेकांच्या पाठीला तोंड लावून चालतात. समोरून दिवे दिसले की पुढचा माणूस काठी आडवी धरतो. पलीकडच्या काठाला पोचल्यावर बाजूच्या माळावर मेंढरे थांबवून मोजतात, आणि मोजणी जुळेपर्यंत कोणी चिलीमदेखील पेटवीत नाही.