मोबाईल आणि विद्यार्थ्याचें चित्त

विद्यार्जनास बुद्धि लागते, तितकीच चित्ताची स्थिरताहि लागते. आमच्या झाडीपट्टींतील मुलांस ती परकी नाहीं. चितळाची हांक ऐकून वाघाची चाहूल ओळखणारा गुराखी व पहांटेपासून मोहफुलें वेंचणारी मुलगी, दोघेंहि चित्त एके ठिकाणीं ठेवण्यास शिकलेलीं असतात. अशीं मुलें पुस्तकाचें एक पान पुरें होण्यापूर्वींच मोबाईलकडे हात कां नेतात, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य करावा.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या व धडे मोबाईलवर येऊं लागले. भामरागड, एटापल्लीकडील कित्येक गांवांस रेंजच नव्हती. परंतु जेथें ती होती, तेथें अभ्यासासाठीं आलेलें यंत्र शाळा उघडल्यावरहि मुलांच्या हातीं राहिलें. त्यावर लहान लहान चित्रफिती एकीमागून एक येतात. पुढली कशी निघेल हें ठाऊक नसतें, आणि ही उत्सुकताच बोटास थांबूं देत नाहीं. रात्रीं झोंप अपुरी होते व सकाळीं वर्गांत मन लागत नाहीं.

तथापि खेळणारें प्रत्येक मूल रोगी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तींत मोबाईल व संगणकावरील खेळांच्या व्यसनाचा समावेश आहे. खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून तोच प्रिय होणें आणि हानि दिसत असूनहि तो चालूच राहणें, हीं लक्षणें बहुधा वर्षभर टिकलीं तरच त्यास व्यसन म्हणतात. तसें आढळल्यास रागें न भरतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इतरांनीं काय करावें? सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथील ग्रामस्थांनीं ऑगस्ट २०२२ मध्यें एक ठराव केला. सायंकाळीं ७ वाजतां भोंगा वाजे आणि ८-३० वाजेपर्यंत घरोघर मोबाईल व टीव्ही बंद राहत. मुलांबरोबर वडील माणसांनींहि तो नियम पाळावयाचा होता, हेंच या उपायाचें मर्म आम्हांस वाटतें. बापाच्या हातीं मोबाईल असतां मुलास 'वाच' म्हणणें व्यर्थ होय.

एकत्र निश्चय करणें आमच्या भागास नवें नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवाची ग्रामसभा सर्वसंमतीनें निर्णय घेण्याविषयीं प्रसिद्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली, तीहि लोकांच्या चळवळीमुळेंच. मग घरापुरता दीड तास राखणें अशक्य कां असावें?

विद्यार्थिमित्रांनो, आज सायंकाळीं घरांतील सर्वांचे मोबाईल एका कोनाड्यांत ठेवण्याची विनंति आईवडिलांस करा, आणि हातीं घेतलेला धडा शेवटपर्यंत वाचा. पालकांनीं ती विनंति मान्य करावी, इतकेंच आमचें मागणें आहे.