उतरलेली बॅटरी आणि लिथियमचा जंप स्टार्टर : निवड कशी करावी?

बालाघाट या नावाचाच अर्थ घाटावरचा प्रदेश. वैनगंगाकाठची भातशेती मागे टाकून गाडी बैहरकडे चढू लागली की वस्ती विरळ होते, रान दाट होते आणि मोबाइलचीही साथ जागोजागी सुटते. मलाजखंड व भरवेलीच्या खाणींवर पाळीला जाणारे, लांजीकडे शेतीभाती असणारे, घरच्या आजारी माणसास घेऊन रात्री-अपरात्री गोंदियाची किंवा नागपूरची वाट धरणारे असे आपल्या सभासदांत पुष्कळ जण आहेत. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाने नुसते 'टक् टक्' करावे, यासारखे दुसरे संकट नाही. पूर्वी चार माणसे धक्का देऊन काम भागवीत. आजच्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीस तो उपाय चालत नाही. म्हणून बाजारात मिळणाऱ्या लहानशा लिथियम जंप स्टार्टरविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बॅटरी का उतरते?

शिशाची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या 'सेल्फ'ने संपविला. तेव्हापासून मोटारीचे पहिले पाऊल बॅटरीच्या हाती आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. आपल्याकडील वैशाख-ज्येष्ठाचा उष्मा तिचे आयुष्य आतून झिजवितो, आणि पौषातील थंड पहाटे ती झीज एकदम उघडी पडते. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनाचे तेल घट्ट झाल्याने ते फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो.

रांजण व तोटी

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम विक्रीस आली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या हलकेपणामुळेच हातात मावणारा जंप स्टार्टर शक्य झाला. मात्र खरेदी करताना ग्राहक दोन आकड्यांत हटकून फसतो. त्यांपैकी एक साठ्याचा व दुसरा प्रवाहाचा. साठा म्हणजे रांजणातील पाणी. प्रवाह म्हणजे त्याच्या तोटीची रुंदी. इंजिन सुरू करण्यास पाणी थोडेच लागते, पण ते एकदम लागते.

हिशेब करून पाहू. २०० अँपिअर प्रवाह १० व्होल्टवर ३ सेकंद दिला तर खर्च होते ती ऊर्जा दोन वॅट-तासांहूनही कमी. उलट १२,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेल्या यंत्रात, तो आकडा एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असल्यास, सुमारे ४४ वॅट-तास साठा असतो. म्हणजे मोठ्या साठ्याचा लोभ धरण्याचे कारण नाही. तोटी रुंद हवी.

आता दुसरा आकडा. खोक्यावर '२००० अँपिअर पीक' असे ठळक छापलेले असते. याच यंत्रात ४ अँपिअर-तासांचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत असे धरा. २००० अँपिअर म्हणजे सेलच्या धारणेच्या ५०० पट झाले! उत्तम सेलही क्षणभर १०० पटींपर्यंत पोचला तर पुष्कळ. तेव्हा 'पीक' हा शब्द सोडून द्यावा व काही सेकंद टिकणारा प्रवाह किती, हे विचारावे. लहान पेट्रोल गाडीस साधारणतः १०० ते २०० अँपिअर, तर डिझेल जीपगाडीस ३०० वा त्याहून अधिक लागतात; डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून ते फिरविण्यास जोर जास्त. ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. तेथे १२ व्होल्टचे यंत्र लावूच नये.

घेताना पाहावयाच्या गोष्टी

१. चिमटे उलटे लागले किंवा एकमेकांस भिडले तर प्रवाह आपोआप बंद करणारी सुरक्षा असावी. तारा जाड व आखूड असाव्यात.

२. बॅटरी पूर्ण मेलेली असल्यास काही यंत्रांस ती ओळखूच येत नाही. त्यासाठी वेगळे बटण असते. ते दाबल्यावर सुरक्षा निघून जाते, हे ध्यानात ठेवावे.

३. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल थोडे जड असतात, पण उष्णता अधिक सोसतात. आपल्या हवेस ते बरे.

४. साठा वॅट-तासांत छापलेला असावा, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण असावी, आणि पक्की पावती घ्यावी.

वापर व जतन

दिवे, पंखा बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकास लावावा. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस लावावा, कारण बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघू शकतो. सेल्फ चार-पाच सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. तीन वेळा जमले नाही तर दोष अन्यत्र आहे असे समजावे. गाडी सुरू होताच काळा चिमटा आधी काढावा, मग लाल.

उन्हात उभ्या बंद गाडीत हे यंत्र ठेवू नये. दर तीन महिन्यांनी भरणा पाहावा. भरणा न पाहिलेले यंत्र ऐन रात्री गाडीच्या बॅटरीइतकेच मुके निघते. यंत्र फुगले तर वापर तत्काळ थांबवावा. ते कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

शेवटी एकच. जंप स्टार्टर हा आजाऱ्यास दिलेला आधाराचा हात आहे, औषध नव्हे. त्याने चालू झालेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा अडली तर बॅटरी व आल्टरनेटर दोन्ही तपासून घ्यावीत. आणि ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांनी ते आपल्याबरोबरच शेजाऱ्याच्याही उपयोगी पडेल असे भरून ठेवावे. अडल्या वाटसरूची गाडी चालू करून देण्यास पाच मिनिटे लागतात. त्या गाडीत दवाखान्याकडे निघालेले कोणी असेल, तर त्या पाच मिनिटांचे मोल कशानेच करता येणार नाही.